अभंग छापा, पण आधी बोटावर मोजा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आषाढीला तुम्ही अख्खं पान संतांच्या अभंगांना दिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार, नाहीतर हल्ली एकादशी म्हटली की पेपरात साबुदाण्याच्या रेसिपी जास्त आणि अभंग नावाला असं झालंय. पण त्या पानावर जे छापलंय आणि त्याच्या शेजारी जो लेख दिलाय, त्या दोन्हीबद्दल बोलायचंय. पत्र लांबणार आहे. जागा नसली तर माझी वाक्यं खुशाल कापा, फक्त अभंगातली अक्षरं कापू नका, कारण सगळी तक्रार त्याचीच आहे.

मी इथं सोलापुरात डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पावतीपुस्तकं, आणि शेगावची पालखी शहरात मुक्कामाला यायच्या आधी दिंडीवाल्यांच्या हरिपाठाच्या न काकड्याच्या पुस्तिका. त्यामुळे दिवसभर अभंग माझ्यासमोर प्रूफ म्हणून असतो आणि गुरुवारी रात्री भजनात बसलो की तोच अभंग टाळावर असतो. स्क्रीनवर दिसत नाही ती चूक टाळावर कशी लगेच सापडते हे त्यामुळे चांगलं माहितीय.

तर तुमच्या पानावर हरिपाठाचा पहिला अभंग असा आलाय, "देवाच्या द्वारी उभा क्षणभरी, तेणे मुक्ती चारी साधल्या". वाचताना काहीच खटकत नाही, अर्थ तोच, भाषा आजची, पोराबाळांना पण कळेल. पण म्हणून बघा की ओ एकदा. सुरुवातीलाच एक पाऊल कमी पडतं आणि शेवटी परत एक. खरी ओळ "देवाचिये द्वारी उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी साधियेल्या ॥" अशी आहे. आता बोटावर मोजा, दे-वा-चि-ये-द्वा-री सहा, उ-भा-क्ष-ण-भ-री सहा, ते-णें-मु-क्ति-चा-री सहा, आणि सा-धि-ये-ल्या चार. सहा, सहा, सहा, चार, एकूण २२. तुमच्यात पहिलं चरण, म्हणजे ओळीतला पहिला तुकडा, पाचाचं आणि शेवटचं तीनाचं झालंय, म्हणजे २० अक्षरं. २२ रुपये देणं असताना २० दिले तर दुकानदार गप्प बसतो का.

मोजायची रीत ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, अवघड काही नाही. जोडाक्षर एकच धरायचं, "क्ति" एक, "ल्या" एक, "ज्ञा" एक, "म्हणे" ची दोनच. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघायचंच नाही. आणि शब्दाच्या शेवटचा "अ" धरायचा, हे महत्त्वाचं, कारण बोलताना आपण तो गिळतो. "सुंदर" बोलताना सुं-दर् असा दोन टप्प्यांत संपतो, पण "सुंदर ते ध्यान" म्हणताना सुं-द-र-ते-ध्या-न असं सहाच्या सहा म्हणावं लागतं. आमच्या भजनात निम्मे लोक घरी तेलुगू बोलणारे आहेत, त्यांना हे शिकवावं लागत नाही, कारण तेलुगूत शब्द सहसा स्वरावरच संपतो, त्यांच्या तोंडी "ध्यान" मधला न पूर्ण येतो. अडखळतात ती मराठी शाळेतली, घरी मराठीच बोलणारी पोरं, ती "ध्यान्" म्हणून मोकळी होतात आणि मग टाळ पुढं जातो न पोरगं मागं राहतं. सोलापूरची मराठी अशुद्ध म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा येऊन ऐकावं.

ही मोजणी मी काय माझ्या डोक्यातून काढलेली नाही. नामदेवरायांच्या नावावर एक अभंग आहे, त्यात अभंग कसा रचायचा तेच सांगितलंय, आणि सांगताना ते माप स्वतः पाळलंय. "पहिल्यापासोनी तिसऱ्यापर्यंत । अठरा गणित मोज आले". म्हणजे पहिल्या चरणापासून तिसऱ्यापर्यंत अठरा अक्षरं. आणि ही ओळ मोजली तर प-हि-ल्या-पा-सो-नी सहा, ति-स-ऱ्या-प-र्यं-त सहा, अ-ठ-रा-ग-णि-त सहा, झाली अठरा, वर मो-ज-आ-ले चार. नियमही तोच आणि उदाहरणही तेच, एका ओळीत. पाठ्यपुस्तकवाल्यांना हे का सुचत नाही कोण जाणे.

यमकाचं पण तसंच. थोरल्या, म्हणजे या सहा-सहा-सहा-चारच्या अभंगात यमक दुसऱ्या न तिसऱ्या चरणाच्या शेवटी येतं, कडव्याच्या शेवटी नाही. "उभे विटेवरी । कर कटावरी" यात वरी-वरी जुळलं आणि "ठेवोनिया" मोकळं सुटलं. यमक दोन मधल्या चरणांना बांधतं आणि शेवटचं चार अक्षरांचं चरण सुटं राहतं म्हणून तर तिथं ओढायला, आळवायला, टाळाला जागा मिळते. हरिपाठाच्या त्या पहिल्या कडव्यात तर द्वारी, क्षणभरी, चारी असं तीन ठिकाणी जुळलंय, ती ज्ञानोबांच्या ओवीची सवय असणार, तिथं पहिले तीन चरण एका यमकाचे असतात, "देवें, तोषावें, द्यावें" न मग "पसायदान हें" मोकळं. धाकटा अभंग वेगळा, त्याला दोनच चरणं, साधारण आठ-आठ अक्षरांची, आणि यमक शेवटी. "जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले" हे आठ-आठ. बॅनरवर लोक "का" खातात न "जे रंजले गांजले" लिहून आणतात, मी घालून देतो, तर म्हणतात हे "का" कशाला, प्रश्न विचारल्यासारखं वाटतं. असो.

आता तुमच्या पानाची दुसरी गोष्ट, ती आमच्या लाइनमधली आहे म्हणून जास्त लागली. कॉलम अरुंद, फॉन्ट मोठा, मग ओळ जिथं संपेल तिथं तोडलीय. "सुंदर ते ध्यान उभे" एक ओळ, "विटेवरी कर कटावरी" दुसरी ओळ, "ठेवोनिया" तिसरी. सेंटर अलाइन केल्यामुळं दिसतंय छान, फुलदाणीसारखं. पण विटेवरी आणि कटावरी दोन्ही एकाच ओळीत कोंबल्यावर यमक गेलं कुठं? डोळ्याला दिसतच नाही. ज्याला अभंग पाठ आहे तो आपला सवयीनं नीट म्हणेल, पण जो पहिल्यांदा वाचतोय तो "विटेवरी कर" एका दमात वाचणार, म्हणजे विटेवर हात ठेवून विठोबा ओणवा उभा राहिला असं चित्र डोळ्यापुढं येणार. हसू नका, आमच्या इथं एका पोरानं खरंच असं विचारलं होतं. दोन चरणांनंतर एक दंड (।), चार चरणांनंतर दोन दंड (॥), आणि तोडायचंच झालं तर दंडावर तोडा किंवा चरणावर तोडा. फॉन्ट अर्धा पॉइंट कमी केला तर बारा अक्षरं कुठल्याही कॉलमात बसतात, मी रोज बसवतो.

जुन्या फॉन्टमधनं युनिकोडला कन्व्हर्ट करताना काय काय होतं ते पण मला माहितीय. रफार उडतो, "ऱ्या" चा "र्या" होतो, अनुस्वार गळतात. त्यातलं अभंगाच्या मापाला काहीच बाधत नाही, त्यामुळं त्याबद्दल मी तुम्हाला धरणार नाही. "तेंचि" चं "तेच" केलंत, दोनाची दोनच राहिली. "हेंचि" चं "हेच" केलंत, चाललं. "मुक्ति" ची "मुक्ती" केलीत, काही बिघडलं नाही. बिघडतं ते क्रियापदं न विभक्ती आजच्या केल्यावर. "ठेवोनिया" चार, "ठेवून" तीन. "साधियेल्या" चार, "साधल्या" तीन. "देवाचिये" चार, "देवाच्या" तीन. हे जुने लांब शेपटीवाले शब्द दिसले की सब-एडिटरला हात शिवशिवतात, पण त्या शेपटीतच अक्षर आहे. आणि कोणी म्हणेल की एक अक्षर कमी पडलं तर ओढून घ्यावं, त्यात काय. एकटा गवई ओढून घेईल हो. दहा-पंधरा जण एकत्र बसून म्हणतात तेव्हा एकजण "ठे" ओढतो, दुसरा "वू" ओढतो, तिसरा "न" वर गात बसतो, आणि पखवाजवाला सगळ्यांच्या तोंडाकडं बघत बसतो.

आता लेख. लेखकाचं नाव मी घेत नाही, माणूस शिकलेला दिसतो, पण त्यांनी संत कान्होपात्रेबद्दल जे लिहिलंय ते वाचून डोकं फिरलं. त्यांचं म्हणणं असं की "नको देवराया" या अभंगात वृत्तदोष आहेत, लघु-गुरूचा (हलक्या-जड अक्षरांचा) क्रम राहत नाही, पहिल्याच कडव्यात यमक सुटलंय, अक्षरं कमी-जास्त आहेत, त्यामुळं भाव उत्कट असला तरी रचना कच्ची.

लघु-गुरूचं आधी निपटवतो. अभंग हा अक्षरछंद आहे, त्याला लघु-गुरूचा क्रम नसतोच, तर राहणार कुठनं? कवी माधव जूलियनांनी "छंदोरचना" लिहिली त्याला आता ऐंशी-नव्वद वर्षं होऊन गेली, त्यात गणवृत्तं वेगळी, मात्रांच्या जाती वेगळ्या न छंद वेगळे असं स्वच्छ मांडलंय. समर्थांचे मनाचे श्लोक घ्या, तो भुजंगप्रयात, लघु-गुरू-गुरू असं चार वेळा, बारा अक्षरं. "मना सज्जना भक्तिपंथेचि जावे". तिथं "भक्तिपंथे" चं कुणी "भक्तीपंथे" छापलं तर मात्र वृत्त मोडलं, कारण "क्ति" लघुच पाहिजे. तिथं ऱ्हस्व-दीर्घासाठी भांडा, मी तुमच्या बाजूनं उभा राहतो. मोरोपंतांची आर्या घ्या, तिच्यात मात्रा मोजायच्या, लघूची एक न गुरूच्या दोन. आपल्या सोलापूरचे राम जोशी, लावण्या लिहिता लिहिता पुढं कीर्तनात पंतांच्या आर्या गाऊ लागले, त्यांना दोन्ही बाजूचा हिशोब येत होता. पण आर्येचा मात्रांचा तराजू घेऊन अभंग तोलायचा आणि वजन चुकलं म्हणायचं, हा कुठला न्याय?

आता त्या अभंगाकडंच या, कारण सगळा अभंग नीट मोजला तर त्यात फार मजा आहे. मंगळवेढ्याची ही बाई, बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, शिपाई दारात, आणि तिनं पंढरपूरच्या देवळात विठ्ठलापुढं हा अभंग म्हटला अशी कथा आपल्याकडं सगळ्यांना माहितीय. "नको देवराया अंत आता पाहू । प्राण हा सर्वथा जाऊ पाहे". न-को-दे-व-रा-या सहा, अं-त-आ-ता-पा-हू सहा, प्रा-ण-हा-स-र्व-था सहा, जा-ऊ-पा-हे चार. माप काटेकोर, एक अक्षर इकडंतिकडं नाही. यमक? पाहू आणि सर्वथा, जुळत नाही, लेखक बरोबर बोलले. पण त्यांनी पुढचं चरण ऐकलं नाही. "अंत आता पाहू" आणि "जाऊ पाहे". दुसरं चरण पाहू वर संपतं न चौथं पाहे वर. यमक तिसऱ्या चरणावरनं उचलून चौथ्यावर नेलंय, तेही पूर्ण यमक नाही, एकाच क्रियापदाची दोन रूपं. तू अंत पाहू नको, माझा जीव जाऊ पाहतोय. देवाचं पाहणं न जिवाचं पाहणं एकमेकांसमोर आणून ठेवलंय. शिवाय हे ध्रुपद आहे, प्रत्येक कडव्यानंतर परत येतं. पुढचं कडवं "तैसे देवा" वर संपतं आणि लगेच "नको देवराया" सुरू होतं, देवा ला देवराया लागून येतं, भजनात म्हणताना अंगावर काटा येतो. याला कच्ची रचना म्हणायचं?

पुढं बघा. "हरिणीचे पाडस व्याघ्रे धरियेले । मजलागी जाहले तैसे देवा". ह-रि-णी-चे-पा-ड-स सात झाली. व्या-घ्रे-ध-रि-ये-ले सहा. म-ज-ला-गी-जा-ह-ले परत सात. तै-से-दे-वा चार. यमक धरियेले-जाहले, जागेवर. मग ती दोन जादा अक्षरं? मी भजनात कान देऊन ऐकलं. "हरिणीचे" म्हणताना "हरि" ही दोन छोटी अक्षरं एकाच ठोक्यात जातात, "मजलागी" म्हणताना "मज" तसंच, आणि "जाहले" चं बहुतेकांच्या तोंडी "जाले" च होतं. जादा अक्षर आलंय तिथं जवळपास छोटं, हलकं अक्षर आहेच, ते शेजारच्याला चिकटून निघून जातं. "तुजविण ठाव न दिसे त्रिभुवनी" यात दुसरं चरण न-दि-से-त्रि-भु-व-नी सात, पण त्यात एक "से" आणि "नी" सोडला तर सगळी हलकी, गर्दीत लोक सरकून बसतात तशी बसतात. तुकोबांचं "तुळसीहार गळां" पण सातच आहे की, "आवडे निरंतर" पण सात, "तळपती श्रवणी" सात, "कौस्तुभमणि" वालं चरण सात. आणि त्याच अभंगाचं शेवटचं कडवं "तुका म्हणे माझे हेंचि सर्व सुख । पाहीन श्रीमुख आवडीनें" मोजा, सहा-सहा-सहा-चार, सुख-मुख, एकदम घट्ट. म्हणजे येत नव्हतं म्हणून सात केलं असं नाही ना. मग तुकोबांचं सात ते माधुर्य आणि कान्होपात्रेचं सात तो दोष, हे कसं काय? माझ्या मते लेखकानं नाव बघून मार्क दिलेत.

संताच्या घरचं सात न आपल्या घरचं पाच यात फरक आहे एवढंच म्हणायचंय मला. जादा आलेलं अक्षर त्यांनी तोंडानं बसवून घेतलेलं असतं, म्हणून ते टिकलं, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तसंच म्हटलं. आपण पाडलेलं भोक कालचं असतं.

मंगळवेढ्याचेच चोखोबा. "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा". मोजा. ऊ-स-डों-गा-प-री सहा, र-स-नो-हे-डों-गा सहा, का-य-भु-ल-ला-सी सहा, व-र-लि-या-रं-गा, हे पण सहा! चार नाहीच. आणि यमक दुसऱ्या न चौथ्याला, डोंगा-रंगा. मोकळं सुटणारं चरणच ठेवलं नाही. कुणी पंडित म्हणेल चुकला. मला विचाराल तर ज्या माणसाला देवळाच्या पायरीच्या आत येऊ दिलं नाही तो वादच घालतोय इथं, प्रश्न विचारतोय, आणि प्रश्नाला पूर्ण सहा अक्षरं लागली. चार अक्षरांत आळवत बसायचा मूड नाही त्याचा. हे माझं मत झालं, चूक असेल तर सांगा, पण निदान मोजून सांगा.

हरिपाठाच्या त्या पहिल्याच अभंगातही शेवटी असं एक आहे बघा, "ज्ञानदेव म्हणे व्यासाचिया खुणे । द्वारकेचे राणे पांडवां घरी". शेवटी पां-ड-वां-घ-री, पाच. चाराच्या जागी पाच, तरी आजवर कुणी अडखळलं नाही, वारीत लाखो लोक चालता चालता म्हणतात.

नाममुद्रा, म्हणजे शेवटच्या कडव्यातलं संताचं नाव, आलीच आहे तर एक सांगतो, हे मला टाइप करता करता दिसलं. "ज्ञानदेव म्हणे" सहा अक्षरं, अख्खं चरण भरलं. "एका जनार्दनी" सहा, तेही अख्खं चरण. "तुका म्हणे", "नामा म्हणे", "चोखा म्हणे", "जनी म्हणे" ही सगळी चार, म्हणून थोरल्या अभंगात सहा भरायला त्यांच्यापुढं दोन अक्षरांचा शब्द लागतो, माझे, आता, देवा, ऐसे. नाव मापात कसं बसतं ते सगळ्यांनी बघून घेतलेलं. याचा एक रोकडा फायदा सांगतो. व्हॉट्सॲपवर रोज तुकोबांच्या नावानं काहीतरी येतं, आईबापाला विसरू नका, मोबाईलचा नाद सोडा, आणि शेवटी "तुका म्हणे". लोक ते माझ्याकडं फ्लेक्सला घेऊन येतात. मी तिथंच काउंटरवर बोटं मोजतो. पहिलं चरण नऊ, दुसरं अकरा, यमक चारी ओळींच्या शेवटी सिनेमाच्या गाण्यासारखं. मग सांगतो, दादा हे तुकोबांचं नाही, नाव काढा, खाली नुसतं सुविचार लिहू. काही ऐकतात, काही म्हणतात तू छाप बाबा. माप बरोबर आलं म्हणून अभंग खरा ठरत नाही, माप जमवणारे भामटे पण असतात, पण इतकं चुकलेलं असेल तर खोटा ठरवायला हरकत नसावी. तुमच्याकडं पण "वाचकांनी पाठवलेले अभंग" या चौकटीत एक तसलाच आलाय, खालून दुसरा, तुम्हीच मोजून घ्या.

सगळंच मोजायचं असंही माझं म्हणणं नाही. आपल्या सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत, त्यात अक्षरांची मोजणी नाही, यमकाची सक्ती नाही, शेवटी "कपिलसिद्ध मल्लिकार्जुन" ही मुद्रा आली की वचन पुरं झालं. गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी पत्रकं करताना मी तिथं बोटं मोजत नाही, तिथला जाणकार जशी ओळ तोडायला सांगतो तशी तोडतो. ज्याचं जे माप, ते त्याला. अभंगाला माप आहे, आणि ते इतकं सोपं आहे की पाचवीतलं पोरगं शिकेल, मग तेवढं तरी प्रूफ वाचताना वापरायला काय हरकत आहे? डिक्शनरी लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही. ओळ समोर ठेवायची, बोटं मोजायची, सहाच्या जागी पाच आलं की मूळ पुस्तक काढून बघायचं. सात आलं तर एकदा मोठ्यानं म्हणायचं आणि गप्प सोडून द्यायचं.

माझी विनंती दोन गोष्टींची. हरिपाठाच्या त्या कडव्याचं शुद्धिपत्र द्या, "देवाचिये" आणि "साधियेल्या", दोन शब्दांचं काम आहे, कारण लोक तुमची कात्रणं कापून देवघरात लावतात आणि मग तेच पोरांना पाठ होतं. आणि आता आषाढ वद्य चतुर्दशीला सावता महाराजांची पुण्यतिथी येतेय, अरणला गर्दी होईल, तुम्ही पण "कांदा मुळा भाजी" छापालच. त्या अभंगात पहिलं चरण सहाचं आहे न दुसरं "अवघी विठाबाई माझी" नऊचं. यमक भाजी-माझी, ज ला झ. पुढं "लसूण मिरची कोथिंबिरी" दहा अक्षरं, मग "अवघा झाला माझा हरी" नऊ. धाकट्या अभंगाच्या आठाच्या मापात यातलं एकही बसत नाही, आणि माझं हे पत्र वाचून तुमच्या ऑफिसात कुणीतरी उत्साहानं मिरची कापायला बसेल अशी मला भीती वाटते. तर कृपा करून दहा ती दहाच ठेवा.

आपला,
एक डीटीपीवाला वाचक,
सोलापूर